पाचव्या इंजिनिअरला पत्र

वर्धा, डिसेंबर २०२५

चि. सायली,

तुझा निरोप मिळाला. जहाज सिंगापूर सोडून निघालंय, फोर्थ इंजिनिअरने व्हॅक्यूम टॉयलेटची सगळी लाइन तुझ्या गळ्यात घातलीय, रात्रभर पंप थांबत नाहीत आणि सी डेकवरच्या चार केबिनमध्ये फ्लशच होत नाही. त्याखाली तू आणखी एक ओळ टाकलीस, की घरी सांगू नका, आई आधीच रडते. तुझ्या आईचा फोन तुझ्या निरोपाच्या आधीच येऊन गेला होता. "एवढी फी भरून मरीनला घातली अन् पोरगी तिथं संडास उपसते," असं म्हणाली. दोन्हींवर लिहितो. पंपाचं आधी, कारण ते तुला आज रात्रीच लागेल.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. ही यंत्रणा काही ओढत नाही. पाइपात हवा कमी केलेली असते, साधारण ०.४ ते ०.५ बारने, आणि बटण दाबलं की भांड्याखालचा व्हॉल्व्ह दोन-तीन सेकंद उघडतो. केबिनमधली साधी हवा भांड्यातला माल पाइपात ढकलते. पाणी लागतं लिटर-सव्वा लिटर, हवा जाते त्याच्या कितीतरी पट. घरच्या टाकीला सहा ते दहा लिटर लागतात, हे लक्षात घेतलंस तर जहाजांनी हा खटाटोप का केला ते कळेल. शिवाय उताराची गरज नाही. ५० मिलिमीटरचा पाइप छताला चिकटून जातो, वरही चढतो. एका दमात माल टाकीपर्यंत पोचत नाही. तो पाइपातल्या मुद्दाम ठेवलेल्या खोलगट जागांत थांबतो, तिथे पुन्हा गोळा होतो आणि पुढच्या फ्लशच्या हवेबरोबर पुढे सरकतो. म्हणजे व्हॅक्यूम हा या यंत्रणेचा पगार आहे. तो कुठे गळतो हे शोधणं म्हणजेच तुझं निम्मं काम.

पंप थांबत नाहीत, याची कारणं दोन: पंप व्हॅक्यूम करू शकत नाही, किंवा केलेला व्हॅक्यूम कुठेतरी जातो. या दोघांत भांडण लावायचं नाही, आधी वाटणी करायची. टाकीजवळची मुख्य सक्शन लाइन बंद कर आणि पंप चालव. गेज झपाट्याने खाली गेलं आणि पंप बंद केल्यावर तिथेच टिकलं, तर पंपाची बाजू निर्दोष. गेज रेंगाळलं तर टाकीतलं पाणी फिरवून व्हॅक्यूम करणाऱ्या इजेक्टरच्या नोझलमध्ये काहीतरी अडकलंय, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसलाय, नाहीतर टाकीतलं पाणी गरम होऊन त्याला फेस आलाय. फेसाकडे कुणी बघत नाही. स्ट्यूअर्डने टॉयलेटची भांडी घासताना साबण सढळ हाताने ओतला की इजेक्टर पाण्याऐवजी फेस फिरवत बसतो. टाकीतलं पाणी बदल, थंड होऊ दे, आणि मग पंप उघडायचा विचार कर. नवीन इंजिनिअर हातात स्पॅनर घेऊनच इजेक्टरजवळ जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पंप निर्दोष निघाला, तर पहाटे दोन ते चारच्या दरम्यान उठ. त्या वेळी टॉयलेट कुणी वापरत नाही, गेज खरं बोलतं. सगळे सेक्शन व्हॉल्व्ह उघडे ठेवून पंप थांबव आणि दर मिनिटाला आकडा लिही. मग एकेक सेक्शन बंद करत जा. ज्याचा व्हॉल्व्ह फिरवल्याबरोबर गेजवरचा व्हॅक्यूम पडायचा थांबतो, गळती त्या सेक्शनमध्ये. तिथे जाऊन आधी काही खोलू नकोस. फक्त कॉरिडॉरमधून चाल आणि ऐक. अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह बारीक सू आवाज करतो. आवाज नसेल तर भांडी बघ. ज्या भांड्यात तळाला पाणी टिकत नाही, कोरडं दिसतं, त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह झिरपतोय. रिकाम्या केबिन आधी तपास: पायलटची, मालकाची, आणि जहाजावरचं हॉस्पिटल. तिथे कुणी फ्लश करत नाही, रबर सुकतं, आणि जिथे कुणाचं जाणं-येणं नाही तिथून रात्रंदिवस हवा आत शिरत राहते.

सी डेकच्या चार केबिनचं दुखणं वेगळं. एकच टॉयलेट बंद असतं तर मी म्हटलं असतं, फ्लश मेकॅनिझम बघ. त्याची बारकी होज चिरते, डायफ्रॅम थकतो, पाण्याच्या व्हॉल्व्हमधली जाळी गाळाने भरते. चार एकदम बंद आहेत म्हणजे दोष त्यांच्या सामाईक पाइपात आहे. हातातलं गेज घेऊन पंपापासून सगळ्यांत लांबच्या टॉयलेटपासून सुरुवात कर आणि पंपाच्या दिशेने ये. व्हॅक्यूम नसलेलं शेवटचं आणि असलेलं पहिलं, या दोघांच्या मध्ये बोळा बसलाय. बहुतेक वळणावर किंवा चढाच्या पायथ्याशी. तिथला क्लीनिंग प्लग उघडायच्या आधी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद आहेत ना, ते स्वतः हाताने फिरवून बघ, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नकोस. आणि कंप्रेस्ड एअर मारायचा मोह होईल, तो आवर. बोळा पुढे जायच्या ऐवजी हवा उलटी फिरली तर ती कुणाच्या तरी भांड्यातून वर येते, आणि त्या वेळी तिथे कोण बसलेलं असेल याचा नेम नसतो. चीफ असला तर तुझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट गेलंच समज.

बोळ्यात काय सापडेल ते आत्ताच सांगतो: ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, कान कोरायच्या काड्या, दातांचा दोरा, आणि आपली माणसं असतील तर चहाचा चोथा. पाकिटावर 'फ्लश करता येतं' असं छापलेले टिश्यूही पाइपात विरघळत नाहीत. यावर मशीनचा इलाज नाही. प्रत्येक केबिनमध्ये सूचना लाव, पण 'कृपया'ने सुरू होणारी नको, ती कुणी वाचत नाही. पाइपातून काढलेल्या वस्तूचा फोटो लाव. मी हे मेसरूममध्ये करून पाहिलंय, जेवणाच्या वेळी आरडाओरडा होतो, पण महिनाभर पाइप साफ राहतो.

डिस्चार्ज व्हॉल्व्ह खोलायची पाळी आली तर प्रत्येक होज काढायच्या आधी मोबाइलने फोटो काढ. रबराला ग्रीज लावू नकोस. साध्या मशीन ग्रीजने ते रबर फुगतं आणि आठवड्यात पुन्हा तेच काम. सिलिकॉन लाव, नाहीतर साबणाचं पाणी. केबिनमध्ये गुडघ्यावर बसून दुरुस्ती करायची नाही. वर्कशॉपमध्ये एक मेकॅनिझम नेहमी दुरुस्त करून, तपासून तयार ठेव. केबिनमध्ये जायचं, जुनं काढायचं, तयार बसवायचं, बाहेर यायचं. जुनं मग बेंचवर, उजेडात, निवांत. हातमोजे, गॉगल, मास्क हे सांगायची गरज नसावी. हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसी घेतल्यास ना, एवढं मात्र कळव.

आता पाइपाच्या आतल्या शत्रूविषयी. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, अमोनियाने पाणी अल्कधर्मी होतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाइपाला आतून धरतात. आपल्या विहिरीच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसाच, फक्त जास्त जाड आणि जास्त घाण. फ्लशला समुद्राचं पाणी वापरत असाल तर तोच थर कितीतरी लवकर चढतो, कारण क्षार पाण्यातच तयार असतात. मग ५० मिलिमीटरचा पाइप हळूहळू अर्धा होतो, आणि व्हॅक्यूम चांगला असूनही बोळे बसत राहतात. अमेरिकेच्या नौदलाने जॉर्ज बुश आणि जेराल्ड फोर्ड या विमानवाहू जहाजांवर चार हजारांहून जास्त माणसांसाठी अशीच व्हॅक्यूम यंत्रणा बसवली. ती वारंवार तुंबू लागली. २०२० साली त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी लिहिलं की पाइप ॲसिडने धुवावे लागतात आणि एका धुण्याचा खर्च चार लाख डॉलर. अणुभट्टीवर चालणारं जहाज आणि गाडी अडली ती इथे. तुला पगार कमी वाटत असेल तेव्हा हा आकडा आठव.

तुझ्याकडे चार लाख डॉलर नाहीत, म्हणून थोडं थोडं आणि नियमित. सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं लिंबूसत्व, किंवा मेकरने सांगितलेलं डिस्केलर, रात्री भांड्यांत घालून ठेवायचं आणि सकाळी फ्लश. क्षार कडक झाल्यावर जोरदार ॲसिड घालण्यापेक्षा हे कैक पटीने बरं. दोन गोष्टी मात्र कधीच नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, तेव्हा स्ट्यूअर्डच्या कपाटात आणि तुझ्या कपाटात काय आहे याची यादी एकदा दोघांनी मिळून करा. आणि ब्लीच सीवेज ट्रीटमेंट प्लांटमध्ये गेलं की तिथले जिवाणू मरतात. तो प्लांट जिवाणूंवरच चालतो. एअर ब्लोअर बंद पडला तरी तेच: हवेवर जगणारे मरतात, हवेशिवाय जगणारे वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार व्हायला लागतो.

त्या वायूविषयी कान उघडे ठेवून ऐक. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेत १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं, गेला. तो गेलेला नसतो. हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी बसून राहतो. सीवेज टाकीत उतरायची वेळ आली तर परमिट, पंख्याने हवा, मीटरवर ऑक्सिजन २१ टक्क्यांजवळ, सल्फाइड शून्य, तोंडावर उभा राहिलेला माणूस आणि त्याच्या हातात दोरी. यातलं एकही नसेल तर तू उतरायचं नाहीस. सेकंड ओरडला तरी नाही, चीफ म्हणाला 'आमच्या वेळी असंच करायचो' तरी नाही. एक माणूस खाली पडला की त्याला काढायला दुसरा धावतो आणि दुसराही पडतो. जहाजांवर असे दोन-दोन, तीन-तीन मृत्यू याच धावण्याने होतात.

हे जहाजावरचं झालं. जमिनीवर, आपल्याच राज्यात, आपल्याच देशात माणसं आजही दोरी आणि बादली घेऊन सेप्टिक टँकमध्ये उतरवली जातात. २०१३ च्या कायद्याने ते गुन्हा ठरलंय. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मरणारे कुठल्या जातींचे असतात ते तुलाही ठाऊक आहे. तुझ्या आईच्या रडण्याचा उगम तिथे आहे. तिला घाणीची भीती नाही. घरातल्या म्हशीचं शेण तिने हाताने थापलंय, तुझे लंगोट हाताने धुतलेत. तिला भीती आहे ती गावात कोण काय म्हणेल याची.

समुद्र ओलांडला की जात जाते, अशी जुन्या लोकांची समजूत होती. पण जहाजावर एकेकाळी टोपास नावाचं पद होतं, आणि त्याची जात गेली नाही. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर डेकचे खलाशी वेगळे, इंजिनचे वेगळे, स्वयंपाक करणारा भंडारी वेगळा आणि संडास-मोऱ्या धुणारा टोपास वेगळा. तो बहुधा त्याच समाजांतून घेतला जाई, ज्यांच्याकडून जमिनीवर हे काम करून घेत. त्याला बढती नव्हती. डेकचा पोऱ्या पुढे सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊ शकत होता, टोपास टोपासच राहायचा. आज तुझ्या जहाजावर टोपास नाही. त्याच्या वाट्याचा बराच भाग पाइप आणि पंपाकडे गेला, पंप इंजिनरूमचा, आणि इंजिनरूममध्ये सगळ्यांत नवी तू, पाच साब. वर्षा-दोन वर्षांत तू फोर्थ होशील आणि ही लाइन पुढच्या पाच साबच्या गळ्यात पडेल, मग तो केरळचा असो की फिलिपिन्सचा. काम तुझ्या नावाला, गावाला, आडनावाला चिकटत नाही. मला या यंत्रणेत सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच, पाणी वाचणं त्याच्यानंतर.

आणि आपल्या वर्ध्याच्या माणसाने तरी हे काम कमी लेखू नये. १९३५ च्या सुमारास गांधीजी मगनवाडीत राहत होते. तिथून महादेवभाई देसाई आणि मीराबेन शेजारच्या सिंदी गावात रोज सकाळी जायचे आणि रस्त्यावर केलेली घाण उचलायचे. गावकरी बघत राहायचे, बदलायचे नाहीत. पुढे सेवाग्राम आश्रमात संडाससफाई सगळ्यांच्या पाळीत होती. १९४६ च्या सुमारास विनोबा पवनारहून खांद्यावर फावडं टाकून सुरगावला चालत जात, तेही याच कामाला. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी तर १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून अन्नत्याग केला, आणि येरवड्याला असलेल्या गांधीजींनी त्यांच्या बाजूने उपास सुरू केला. त्याच आप्पासाहेबांनी नंतर कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं सोनखत करणारा संडास तयार केला. सुरगावच्या फावड्यापेक्षा मला तो संडास मोठा वाटतो. बाबासाहेब आंबेडकरांनी या कामाचा गौरव करण्यावर कडक टीका केली होती, आणि ती बरोबरच होती: ज्याच्यावर काम जन्माने लादलंय त्याला ते पवित्र आहे असं सांगण्यात काय अर्थ? बादली उचलणारा हात बदलून भागत नाही, बादलीच जायला हवी. आप्पासाहेबांचा संडास आणि तुझा इजेक्टर दोन्ही बादली घालवण्याच्या कामाचे आहेत, म्हणून मी त्यांना एका रांगेत बसवतो. गंमत म्हणजे १८७० च्या दशकात हॉलंडमध्ये लिएर्नूर नावाच्या कॅप्टनने ॲमस्टरडॅम, लायडेन या शहरांत व्हॅक्यूमवर चालणारी गटारं घातली होती, आणि त्याचा हेतूही तोच होता, मैला पातळ न होता शेतकऱ्याला खत म्हणून विकता यावा. जहाजांवरची आजची पद्धत त्यानंतर, १९५० च्या दशकातल्या लिलियेंडाल या स्वीडिश इंजिनिअरच्या कामातून आली.

समुद्र आपल्यापासून शेकडो मैल लांब, पण तुझं टॉयलेट आता वर्ध्याला रोज येतंय. ऑगस्ट २०२५ पासून अजनी–पुणे वंदे भारत वर्ध्याला थांबते, आणि नागपूर–सिकंदराबादची सप्टेंबर २०२४ पासून सेवाग्रामला. दोन्हींत बायो-व्हॅक्यूम टॉयलेट आहेत. व्हॅक्यूमने माल डब्याखालच्या टाकीत जातो आणि तिथे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केलेले जिवाणू त्याचं पाणी आणि वायू करतात. पूर्वी डब्याला खाली सरळ भोक असायचं, गाडी स्टेशनात उभी असताना वापरू नका अशी पाटी असायची आणि लोक नेमके तेव्हाच जायचे. ते रुळांवर पडलेलं उचलणारा माणूसही ठरलेलाच असायचा. रूळ गंजायचे ते वेगळंच. नव्या डब्यांत आता आपली माणसं मगाने पाणी ओतून भांडं भरतात आणि मग म्हणतात बिघडलंय. हाताच्या फवाऱ्याचं पाणी चालतं, बादलीचं नाही, हे जहाजावरच्या आपल्या लोकांनाही सांग.

रविवारी हिंगणघाटला तुमच्या घरी जाऊन येतो. तुझ्या आईला जानेवारीत पुण्याला मावशीकडे जायचंच आहे, तिचं तिकीट वंदे भारतचं काढायला सांगणार आहे. काय काम करतेस ते मीच समजावतो, तू मात्र तिला फोनवर 'मशीनवर आहे' असं गुळमुळीत सांगू नकोस. व्हॅक्यूम सिस्टम बघते, असं सरळ सांग. ती विचारेल ते काय असतं, तेव्हा तिला सांगायला तुझ्याकडे भरपूर आहे.

तुझे,
मोठे बाबा

ता. क. सुटे भाग मागवताना फक्त 'डायफ्रॅम' असं लिहू नकोस. मेकर, मॉडेल, मेकॅनिझमवरचा सिरीयल नंबर आणि मॅन्युअलमधला पार्ट नंबर, चारही लिही, नाहीतर पुढच्या बंदरात भलत्याच मापाची पेटी येईल. पहाटेचे सेक्शनवार आकडे मला पाठव, दर मिनिटाचे, नीट लिहून.